निष्कर्षाबरोबर त्याची अटही पोचली पाहिजे

नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवणाऱ्या तरुण सहायक प्राध्यापिकेने विचारलं आहे: 'साथ किंवा मोठी आपत्ती आली की वॉर्डातच माणसं कमी पडतात. अशा वेळी एमबीबीएसच्या आणि पीजीच्या मुलांना शिकवायचं कसं? रोज नवे पेपर आणि प्रीप्रिंट (परीक्षकांनी तपासण्याआधीच खुले केलेले पेपर) येतात, त्यातलं काय मानायचं? आणि आपण स्वतः काही लिहावं, की ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं? २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, म्हणून आताच विचारते आहे.'

डॉक्टर, प्रश्न तीन असले तरी मला त्यांत एकच काम दिसतं. वैद्यकातलं प्रत्येक विधान अटीसकट खरं असतं: कोणत्या रुग्णात, आजाराच्या कितव्या दिवशी, किती डोसला, कशाच्या तुलनेत. एरवी ही अट पाठ्यपुस्तक सांभाळतं, वरिष्ठ सांभाळतात, जर्नलचे परीक्षक सांभाळतात. संकटात त्यांपैकी कोणालाच सवड नसते. निष्कर्ष वेगाने पुढे जातो आणि अट वाटेत गळते. ती गळू न देणं हेच त्या काळातलं शिकवणं आहे आणि तेच त्या काळातलं संशोधन-लेखनही आहे. या कामाची सुरुवात जर्नलपासून होत नाही, केस शीटपासून होते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत राउंड घेताना केस शीटवर सर्रास दिसणारी एक नोंद सांगतो: 'सॅच्युरेशन ९२', म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९२ टक्के. एवढंच. ही ९२ रूम एअरवरची, म्हणजे नुसत्या हवेवरची, नाकातल्या नळीने मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू असतानाची, की नॉन-रिब्रीदर (पिशवी जोडलेल्या) मास्कवर १५ लिटर लावून मिळालेली? पहिल्या रुग्णाला ऑक्सिजन लावून थांबता येतं. तिसऱ्यासाठी त्याच क्षणी आयसीयूत बेड शोधायला हवा. कागदावर मात्र दोघे सारखेच. तसंच 'ॲडमिशनचा तिसरा दिवस' असं लिहिलेलं असायचं, ताप कधी आला हे नसायचं. कोविडमध्ये दम लागायचा तो बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे. म्हणजे रुग्ण घाटाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवरून कळतं, ॲडमिशनच्या तारखेवरून नाही.

मुलं हलगर्जी होती म्हणून असं व्हायचं, असं अजिबात नाही. पीपीई किट, दुहेरी हातमोजे, वाफ धरलेली फेस शील्ड. आतला कागद बाहेर आणता येत नाही. मग आतला रेसिडेंट फोनवर आकडे सांगतो आणि बाहेरचा इंटर्न लिहून घेतो. आतला बेडसमोर उभा असतो, त्याला मास्क दिसत असतो, म्हणून तो मास्कचं वेगळं सांगत नाही. बाहेरच्याला मास्क दिसत नाही, म्हणून तो विचारत नाही. आम्ही उपाय केला तो साधा होता. सॅच्युरेशनच्या रकान्याचे दोन भाग केले, 'किती' आणि 'कशावर'. दुसरा भाग रिकामा असेल तर बाहेरच्याने पहिला भागही लिहायचा नाही. काही दिवसांत इंटर्नच फोनवर विचारू लागले, 'सर, कशावर?' माझ्या दृष्टीने त्या लाटेतला तो सगळ्यात चांगला क्लिनिकल धडा होता, आणि त्याला लेक्चर हॉल लागला नाही.

आता हाच रकाना जगातल्या संशोधनाशी कसा जोडलेला होता ते बघा. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलचा, म्हणजे कोविडवरच्या औषधांच्या मोठ्या चाचणीचा, प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिहायला घेतला आणि अवघ्या ९ दिवसांत पहिला रुग्ण नोंदला गेला. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निष्कर्ष १६ जून २०२० ला जाहीर झाला, प्रीप्रिंट २२ जूनला आला आणि २७ जूनला ते औषध भारताच्या मार्गदर्शक सूचनांतही आलं. इतक्या वेगाने इतकं स्वस्त औषध जगभर पोचल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. पण निष्कर्ष नीट वाचा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात फायदा दिसला नाही. उलट डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यू १७.८ टक्के आणि न दिलेल्यांत १४. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नाही एवढं पुरेसं स्पष्ट होतं. थोडक्यात, या औषधाचा सगळा उपयोग त्या 'कशावर' रकान्यावर टांगलेला होता.

पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२१ च्या एप्रिलपर्यंत स्टिरॉइड गल्लीगल्लीत पोचलं होतं आणि अट मागे राहिली होती. तापाच्या दुसऱ्या दिवशी, रूम एअरवर ९७ असलेल्या माणसाला घरीच गोळ्या सुरू. ट्रायलमध्ये जास्तीत जास्त १० दिवस होते, इथे वीस-वीस. साखर तपासलेली नाही. मे महिन्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण ईएनटी आणि नेत्र विभागात रांगेने आले. त्याचं सगळं खापर स्टिरॉइडवर फोडता येणार नाही. ताब्यात नसलेला मधुमेह आणि खुद्द कोविड यांचाही त्यात वाटा होता. पण अनावश्यक आणि लांबलेलं स्टिरॉइड हा त्यातला टाळता येण्याजोगा भाग होता. पेपर चुकीचा नव्हता, औषध चुकीचं नव्हतं. वाक्य अर्धं पोचलं होतं.

म्हणून 'काय मानायचं' याचं माझं उत्तर असं आहे: पेपर प्रीप्रिंट आहे की नामांकित जर्नलमधला, हा पहिला प्रश्न करू नका. २०२० ने दोन्ही बाजूंचे धडे दिले. २२ मे ला 'लॅन्सेट'मध्ये कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा एक पेपर आला: सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांवर रुग्ण. त्यावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधली त्या औषधासाठीची रुग्णभरती थांबवली. मूळ डेटा एका खाजगी कंपनीकडे होता आणि तो बाहेरच्या कोणी पाहिलेलाच नव्हता. शंभरावर संशोधकांनी जाहीर पत्र लिहिलं आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या डेटावरचा 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला पेपरही त्याच दिवशी गेला. याउलट डेक्सामेथासोनचा निष्कर्ष आधी प्रसिद्धिपत्रक म्हणून आला, मग प्रीप्रिंट म्हणून, आणि तो टिकला. तेव्हा छापणाऱ्याच्या नावाआधी विद्यार्थ्याने विचारायचं ते असं: हे रुग्ण कुठले, त्यांची नोंद कोणी केली, तुलना कोणाशी आहे, ती तुलना चिठ्ठी टाकून ठरवली की डॉक्टरच्या मर्जीने, आणि माझ्यासमोरचा रुग्ण त्यांच्यात बसतो का.

भारतातलं उदाहरण द्यायचं तर प्लाझ्माचं, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढून रुग्णाला देत त्या द्रवाचं द्या, ते मुलांना जवळचं वाटतं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रीतसर ट्रायल केली. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के. हा निष्कर्ष सप्टेंबर २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून सगळ्यांसमोर होता, ऑक्टोबरमध्ये 'बीएमजे'मध्ये छापून आला. प्लाझ्मा आपल्या मार्गदर्शक सूचनांतून निघाला तो १७ मे २०२१ ला. मधल्या काळात नातेवाईक दाते शोधत वणवण फिरत होते आणि आपले निवासी डॉक्टर चिठ्ठ्या लिहून देत होते. आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर झालेलं चांगलं काम आपल्याच वॉर्डापर्यंत पोचायला आठ महिने लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. संशोधन छापून आलं म्हणजे पोचलं, असं धरून चालता येत नाही. ते पोचवणं हे शिक्षकाचं काम आहे आणि कॉलेजने त्याला काम म्हणून वेळ दिला पाहिजे.

ते कसं करायचं, तर विभागाचं रोजचं एक पान. सकाळच्या राउंडआधी भिंतीवर लागतं, हाताने लिहिलेलं चालतं. आमच्याकडे त्याचा नमुना साधारण असा असायचा:

'आजपासून: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. कोणाला: ऑक्सिजन लागतो आहे त्यालाच. कोणाला नाही: रूम एअरवर सॅच्युरेशन टिकून आहे त्याला, ताप कितीही असो. सोबत: रक्तातली साखर दिवसातून चार वेळा तपासणे. कशावरून: रिकव्हरी ट्रायल. अजून माहीत नाही: मधुमेह आधीच बिघडलेला असेल तर किती दिवस. पुन्हा बघू: सोमवारी.' खाली तारीख आणि सही.

यातल्या 'अजून माहीत नाही' आणि 'पुन्हा बघू' या दोन ओळी कधीही गाळू नका. वरिष्ठ डॉक्टर सही करून लिहितो आहे की हे मला माहीत नाही, हे पाहणं इंटर्नसाठी फार मोठं शिक्षण असतं. त्यानंतर तोही नातेवाईकांसमोर नको तेवढी खात्री दाखवत नाही. जुनं पान फाडायचं नाही. आडवी रेघ मारायची, तारीख टाकायची आणि फाइलला लावायचं. पुढे कोणी विचारलं की एप्रिलमध्ये तुम्ही असं का केलंत, तर उत्तर त्या फाइलमध्ये असतं. आणि पान मराठीत लिहा. ते सिस्टर वाचतात, वॉर्डबॉय वाचतो, ऑक्सिजनचं बघणारा टेक्निशियन वाचतो. त्या दिवसांत रुग्णाजवळ डॉक्टरपेक्षा ही माणसं जास्त वेळ असतात.

टेक्निशियनचा विषय निघाला म्हणून एका गोष्टीवर थोडं थांबतो. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या शहरात, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांचे प्राण गेले. नाशिकच्या कुठल्याही डॉक्टरला तो दिवस विसरता येणार नाही. अशा घटनेची चौकशी होते, अहवाल होतो, पण ती अभ्यासक्रमात उतरत नाही. आपला विद्यार्थी ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह डोळे मिटून काढतो. त्याच्या वॉर्डात येणारी पाइपलाइन कुठल्या मॅनिफोल्डवरून (सिलिंडर एकत्र जोडलेल्या जागेवरून) येते, वॉर्डाचा व्हॉल्व्ह कुठे आहे, प्रेशरचा अलार्म वाजला तर पहिला फोन कोणाला, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात टाकीपाशी आणि मॅनिफोल्ड रूममध्ये न्या. अर्धा तास पुरतो.

आणि हिशोब करायला लावा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. १५ लिटरच्या मास्कवर तो पावणेआठ तास चालतो. हाय फ्लोवर (नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला तर दोन तासही नाही. रुग्णवाहिकेतला लहान बी टाइप सिलिंडर १,५०० लिटरचा. १० लिटरने अडीच तास. तो आधीच अर्धा रिकामा असेल तर सव्वा तास, आणि सुरगाण्याहून घाटरस्त्याने नाशिकपर्यंत तेवढा पुरत नाही. ही भागाकाराची गणितं आहेत, पण ती आधी केलेली असतील तर निघताना दुसरा सिलिंडर गाडीत असतो. हा विषय मेडिसिनचा की ॲनेस्थेशियाचा की प्रशासनाचा, या वादात पडू नका. तुम्ही शिकवा.

ऑनलाइन लेक्चरबद्दल फार लिहीत नाही. विषय समजावून सांगायला ती चालतात, मोबाइलला रेंज असेल तर. पोटावर हात ठेवायला ती शिकवत नाहीत, आणि ज्या बॅचचे बेडसाइडचे महिने गेले त्यांना ते महिने पुढे भरून द्यावे लागतात. म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला त्या काळात राज्यभराच्या परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. तसा काळ पुन्हा आला तर परीक्षेची तारीख हा मुलांच्या मनावरचा सगळ्यात मोठा भार असतो हे लक्षात ठेवा आणि अफवांना उत्तर म्हणून जे अधिकृत असेल तेवढंच, तारखेसकट, रोजच्या पानावर लिहा.

दुरून शिकवता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे आणि ती आपण पुरेशी शिकवली नाही: फोनवर रुग्ण तपासणं. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० लाच आल्या होत्या. ३ मे २०२१ ला केंद्राने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली टेलिकन्सल्टेशनला आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवायला घेता येईल असं सांगितलं. मुलं तयार होती, पण 'दम लागतो का?' या प्रश्नाला पलीकडून 'नाही' आलं की फोन ठेवत होती. मग त्यांना शेजारी बसवून ऐकवायचं: 'मावशी, फोन चालू ठेवा आणि खोलीतल्या खोलीत चाला. आता बोला. एक वाक्य सलग म्हणून दाखवा.' ऑक्सिमीटर असेल तर ६ मिनिटं चालायला लावून आकडा ३ टक्क्यांहून जास्त घसरतो का ते पाहायचं. मालेगावहून उर्दूत बोलणारा रुग्ण, बागलाणातली अहिराणी बोलणारी म्हातारी, पेठ-सुरगाण्यातलं कोकणा बोलणारं कुटुंब: दम, छाती भरणं, घाबरं होणं याला प्रत्येकाकडे आपापला शब्द आहे. तो शब्द विद्यार्थ्याने केस शीटवर जसाच्या तसा लिहावा, मग वैद्यकीय संज्ञा लिहावी.

आता तुमचा तिसरा प्रश्न: लिहावं का? हो, लिहावं. पण संकटाच्या मध्यावर 'आमचा अनुभव' म्हणून वीस रुग्णांचा पेपर पाडण्याची घाई करू नका. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात हे मला ठाऊक आहे आणि त्या काळात पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नल्सही दारात उभी राहतात. तुलनेचा गट नसलेला, सगळ्यांना पाच-पाच औषधं एकदम दिलेला पेपर कोणालाच काही सांगत नाही, आणि उद्या त्यातलं एक वाक्य कोणीतरी फॉरवर्ड करतो. त्यापेक्षा दोन प्रकारचं लेखन मला मोलाचं वाटतं. एक, नेहमीपेक्षा वेगळा दिसलेला एकच रुग्ण, पूर्ण तपशिलाने, त्याच्या संमतीने. दुसरं, व्यवस्थेत काय बिघडलं आणि काय बदललं याचं साधं वर्णन: अलार्म, भरतीची रांग, रेफरलला लागलेला वेळ. हे दुसरं फार कमी लिहिलं जातं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला त्याचाच जास्त उपयोग असतो.

एथिक्सच्या बाबतीत 'आणीबाणी होती' ही सबब चालत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आपत्तीतल्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग आहे. एथिक्स कमिटीने तातडीने विचार करावा, पण विचार करावाच. औषधांची तुलना करणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी हवी. रुग्णाचा फोटो, एक्स-रेवरचं नाव, बेड नंबर असलेली फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 'केस डिस्कशन' करणं बंद झालं पाहिजे. वय दशकात, तालुका नको, तारखांऐवजी आजाराचे दिवस, अशी फाइल करून चर्चेला घ्या. चर्चा तितकीच चांगली होते. आणि ज्यांनी रात्री जागून रकाने भरले त्या इंटर्नना विश्लेषणात आणि लेखनात बसवा, म्हणजे त्यांचं नाव लेखकांत हक्काने येईल. सिस्टरांचे आभार नावानिशी माना, त्यांना विचारून.

सिंहस्थाचं म्हणाल तर तुमच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती म्हणजे वेळ. रिकव्हरी इतक्या वेगाने उभी राहिली त्यामागे साधा फॉर्म आणि आधीपासून चालत आलेली रुग्णालयांची जोडणी होती. त्याच देशात गंभीर संसर्गजन्य आजारांसाठीचा एक निरीक्षण-प्रोटोकॉल काही वर्षं आधीच मंजूर करून ठेवलेला होता; जानेवारी २०२० मध्ये तो फक्त चालू करावा लागला. तसं आपल्याकडे करा. सिंहस्थात काय येऊ शकतं ते आपल्याला साधारण माहीत आहे: भर पावसाळ्यातली लाखोंची गर्दी, म्हणून जुलाब-उलट्या, ताप, डेंग्यू, नदीकाठ आहे म्हणून बुडणं, आणि २७ ऑगस्ट २००३ ला झाली तशी चेंगराचेंगरी. त्यासाठी एका पानाचा फॉर्म आत्ताच तयार करा. वय, लिंग, कुठून आले, लक्षणं कधी सुरू झाली, कुठे सापडले (रामकुंड, तपोवन, त्र्यंबक), सॅच्युरेशन किती आणि कशावर, काय दिलं, पुढे काय झालं. त्याहून जास्त रकाने घालू नका. गर्दीत आठाच्या पुढचे कोणी भरत नाही.

तो फॉर्म एखाद्या रविवारच्या गर्दीत तपोवनाजवळच्या एखाद्या बाह्यरुग्ण केंद्रावर चार इंटर्नकडून भरून बघा. जो रकाना दोघांनी वेगळ्या अर्थाने भरला, तो बदला. मग मराठी आणि हिंदी संमतीपत्रासह एथिक्स कमिटीकडे द्या आणि 'घटना घडल्यास लागू' अशी आगाऊ मंजुरी मागा. कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख आणि कागद देण्याची शेवटची मुदत याच आठवड्यात विचारून घ्या.